झाडांच्या बायोटेकमध्ये करिअर करावं की गुपचूप केळी-उसात शिरावं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी, लातूरला अ‍ॅग्री बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, पहिलीच पोस्ट आहे, लांबली तर सांभाळून घ्या. इनप्लांट ट्रेनिंगला एका टिश्यू कल्चर (झाडाचा बारका तुकडा बाटलीत वाढवून रोपं करायची) लॅबमध्ये होतो, तिथं सगळं केळीच केळी, रॅकवर जिकडं बघावं तिकडं जी-नाइन जातीच्या बाटल्या. पण एका कोपऱ्यात सागाच्या थोड्या बाटल्या होत्या, कुणीतरी हौसेनं लावलेल्या, आणि मला नेमक्या त्याच आवडल्या. विचारलं याचं पुढं काय होतं तर तिथले सर म्हणाले "काही नाही, असंच चालू ठेवलंय". तेव्हापासनं डोक्यात बसलंय की करायचं तर झाडांचंच, म्हणजे साग, बांबू, चंदन असलं काहीतरी.

घरी बाबांचं एकच पालुपद, एमपीएससी दे आणि कृषी अधिकारी हो. कॉलेजमधले सर म्हणतात एमएस्सी कर पण पिकात कर, झाडात ना फंड ना नोकरी, तुझा एक प्रयोग संपेपर्यंत तुझी पोरं शाळेत जातील. सगळा वर्ग हसला. मला खरंच विचारायचंय, कुणी केलंय का यात करिअर? महाराष्ट्रात हे काम कुठं झालंय का? आणि पीक का झाड हे आत्ताच ठरवावं लागतं का? फक्त ते "मनाचं ऐक" टाइप सल्ले नकोत प्लीज, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतात.

---

जीनाइनताई

अरे तुझे सर अर्धं बरोबर बोलतायत. मी बरीच वर्षं टिश्यू कल्चरच्या प्रॉडक्शनमध्ये आहे, खानदेशात, त्यामुळे केळीच्या बाजूनं सांगते, झाडांचं बाकीचे सांगतील.

आधी हे समजून घे की केळीची लॅब का चालते. मुनव्याच्या (केळीच्या बुडाशी येणाऱ्या पिल्लाच्या) पोटातला तो कोंब काढायचा, निर्जंतुक करायचा, एमएस माध्यमात (रोपाचं ठरलेलं खाद्य) बीएपी हे संप्रेरक घालून ठेवायचा की त्याचे फुटवे फुटतात, दर तीन-चार आठवड्यांनी तोडायचे आणि परत नव्या बाटलीत, याला सबकल्चर म्हणतात, म्हणजे विरजणासारखं, थोडं ठेवून पुढचं लावत जायचं. मग मुळं, मग प्रायमरी हार्डनिंग, सेकंडरी हार्डनिंग (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं) आणि रोप शेतात. शेतकरी त्या रोपाला पैसे मोजतो कारण वर्षाच्या आत-बाहेर त्याचा घड कापून होतो, सगळी बाग एकदम निसवते, एकदम कापणीला येते, व्यापारी बांधावर येतो. जळगावची केळी या एका गोष्टीनं बदलली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता सागाचं सांग. कुठला शेतकरी टिश्यू कल्चरच्या सागाला जास्तीचे पैसे देईल जेव्हा नर्सरीत सागजडी (सागाचा मुळासकटचा खुंट) काही रुपयांत मिळते, आणि रोप चांगलं होतं का वाईट ते कळायला त्याच्या नातवाला विचारावं लागेल? तांत्रिक अडचण नंतरची, पहिली अडचण ही.

आता तांत्रिक. सागाचा कोंब कापला की कापल्या जागेतनं फिनॉल सुटतात, माध्यम काळं पडतं आणि कोंब स्वतःच्याच विषानं मरतो. मग सारखं बदलत राहा, ते शोषायला चारकोल घाल, पीव्हीपी घाल. शिवाय पावसाळ्यात जंगलातनं आणलेल्या फांद्यांच्या आतच बुरशी-बॅक्टेरिया बसलेले असतात, वरनं कितीही मर्क्युरिक क्लोराइडनं धू, पाचव्या दिवशी बाटलीत पांढरा धूर. केळीत पण कंटॅमिनेशन येतं पण केळी माफ करते. झाड माफ करत नाही.

पण एक लक्षात ठेव, हे हाताचं कौशल्य एकच आहे. लॅमिनार फ्लोसमोर (निर्जंतुक हवेचं टेबल) बसून स्काल्पेल चालवणारी माझी एक ऑपरेटर दहावी पास आहे आणि तिचा हात कुठल्याही पीएचडीपेक्षा स्वच्छ आहे. तो हात केळीवर बसव, उसावर बसव, डाळिंबावर बसव, मग सागावर जा. पिकात नोकरी करताना झाड शिकता येतं, उलटं करणारे मी फार कमी बघितले.

---

आलापल्लीकर

बावा, जरा आमच्याकडचं बी ऐका. मी वनखात्यातून रिटायर, सगळी नोकरी चंद्रपूर-गडचिरोलीत काढली. आलापल्लीचा साग बघितला आहे का कधी? तो बघून या आधी आणि मग बाटलीतला साग बघा.

तुमच्या बायोटेकवाल्यांना वाटते की चांगलं झाड निवडलं, त्याच्या लाख कॉप्या काढल्या की झालं जंगल. अहो साग सरळ वाढतो तो फक्त जीनमुळे नाही, माती, निचरा, शेजारची गर्दी, विरळणी कधी केली, सगळ्याचा वाटा आहे. आमच्याकडं दरसाल पावसाळ्यात अळी येते, पानाची नुसती जाळी करून टाकते, शिरा तेवढ्या राहतात. जंगलात काही झाडं लवकर पालवतात काही उशिरा, म्हणून सगळी एकदम सापडत नाहीत. एकाच क्लोनचा प्लॉट असला तर? दक्षिणेत निलगिरीच्या क्लोनचं काय झालं २००० नंतर, पानावर गाठी आणणारी ती बारकी माशी आली, काही क्लोन पार बसले. तरी तिथले क्लोन टिश्यू कल्चरचे पण नव्हते, साध्या कलमांचे होते. तेव्हाच्या आंध्रात भद्राचलमच्या कागद कारखान्यानं निलगिरीचे क्लोन नुसत्या कटिंगनं केले आणि ते शेतकऱ्यानं लाखांनी लावले. ना ऑटोक्लेव्ह ना एसी. तर पोरा, झाडांचं करायचं असल तर आधी बीजोत्पादन बाग, प्लस ट्री (जंगलातलं सगळ्यात चांगलं झाड) निवड, प्रोव्हिनन्स ट्रायल (वेगवेगळ्या ठिकाणचं बी एका जागी लावून बघणं) हे शीक. केरळात निलांबुरला कोनोली या इंग्रज कलेक्टरनं १८४० च्या दशकात साग लावला, त्यातली झाडं आजही उभी आहेत. इतका धीर असल तर ये.

---

कोटीचासाग

एकरी पाचशे झाडं लावा वीस वर्षांत करोडपती व्हा 😂 नव्वदच्या दशकात आमच्या मामांनी असल्या एका स्कीमचं सर्टिफिकेट घेतलं होतं, अजून कपाटात आहे, साग कुठंय ते देवाला माहीत. सायंटिस्ट हो पण स्कीम काढू नको भावा.

---

पाइनवाला पुणेकर

आलापल्लीकर काकांशी बहुतेक बाबतीत सहमत, पण एका जागी नाही, तिथं येतो.

मांजराकाठ, महाराष्ट्रात हे काम झालंय का हा तुझा प्रश्न वाचून जरा वाईट वाटलं, कारण एके काळी हे काम जगात जिथं होत होतं त्यातली एक जागा पुण्यात होती, पाषाण रोडवरची एनसीएल, म्हणजे नॅशनल केमिकल लॅबोरेटरी. आणि गंमत म्हणजे ती केमिकल लॅबोरेटरी! तिथं व्ही. जगन्नाथन आणि मग ए. एफ. मस्कारेन्हास यांच्या ग्रुपनं १९८० मध्ये सागाचा पेपर काढला, नुसत्या रोपांपासनं नाही, शंभर वर्षांच्या सागाच्या कोंबांपासनं रोपं. त्याच ग्रुपनं त्याआधी हळदीचं टिश्यू कल्चर केलेलं. म्हणजे बघ, तुझा "पीक का झाड" हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता, एका रॅकवर हळद, एका रॅकवर साग, ऊस, वेलदोडा, निलगिरी. पुढं १९९० मध्ये नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हास यांचा बांबूचा पेपर आला नेचरमध्ये. काटस बांबू फुलायला माणसाचं अर्धं आयुष्य घेतो आणि फुलला की मरतो, यांच्या बाटलीत नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन (बीएपीसारखं संप्रेरक) घातलेल्या माध्यमावर तो काही आठवड्यांच्या सबकल्चरमध्ये फुलला आणि बी पण धरलं. त्या काळी पेपरात, रेडिओवर त्याची चर्चा होती म्हणे. मुंबईत बीएआरसीमध्ये बापट आणि राव चंदनाच्या सोमॅटिक एम्ब्रियोवर (साध्या पेशींपासनं बाटलीत वाढवलेले भ्रूण) होते, अल्जिनेटच्या जेलीच्या मण्यांत भ्रूण घालून सिंथेटिक सीड केलं १९८८ च्या आसपास, आणि तीच लॅब केळीवर पण काम करत होती.

आता सागाच्या त्या १९८० च्या पेपरातलं एक नाव, प्रमोद गुप्ता. पुण्यातनं ते कॅलिफोर्नियाला डेव्हिसमध्ये डॉन डर्झनकडं गेले आणि तिथं शुगर पाइन, लॉबलॉली पाइन यांच्या सोमॅटिक एम्ब्रियोवर १९८६-८७ चे पेपर, मग वेयरहाउझर या लाकडाच्या कंपनीत, जिथं पाइनचं कृत्रिम बी करण्याचं काम आणि पेटंटं झाली. सागापासनं पाइनपर्यंत. हे मी का सांगतोय, तर मी स्वतः अमेरिकेच्या दक्षिणेत पाइनच्या कामात आहे आणि आमच्या रोजच्या कामाच्या मुळाशी त्या दशकातले पेपर आहेत. अजूनही कुणी नवा आला की तेच आधी वाचायला देतो.

आता काकांच्या मुद्द्यावर. झाडाची खरी अडचण ही आहे की झाड चांगलं आहे हे कळेपर्यंत ते म्हातारं होतं. आणि म्हाताऱ्या झाडाच्या कोंबाला सहसा मुळं फुटत नाहीत, फुटली तरी रोप फांदीसारखं आडवं वाढतं. म्हणजे निवड करायला थांबावं तर क्लोन करणं अवघड आणि क्लोन करावा तर निवड झालेली नाही. या फासातनं सुटायची जी युक्ती निघाली ती मला आजही भारी वाटते. कच्च्या बियांतल्या भ्रूणापासनं टिश्यू वाढवायचा, प्रत्येक बीजाची एक वेगळी लाइन, त्यातला थोडा भाग उणे १९६ डिग्रीवर लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि उरलेल्याची रोपं करून शेतात चाचणीला लावायची. शेतात झाडं सहा-आठ वर्षं वाढू देत, वय वाढू दे. टाकीतली लाइन आहे त्याच वयात बसून राहते. निकाल आला, समज चारशेतल्या दहा लाइन भारी ठरल्या, की त्या दहाच बाहेर काढायच्या आणि वाढवायच्या. म्हणजे काका म्हणतात ती प्रोव्हिनन्स ट्रायल, प्लस ट्री सगळं लागतंच, फक्त आता त्या ट्रायलच्या निकालाचा क्लोन करता येतो. आणि दहा लाइन मिसळून लावल्या की एका माशीनं सगळं बसायची भीती कमी होते, संपत नाही.

खर्च मात्र काकांच्या बाजूनं बोलतो. हातानं परागीकरण केलेलं चांगल्या आईबापाचं बी अजूनही पुष्कळ स्वस्त पडतं, त्यामुळे आमच्या लायनीत पण कंपन्या येतात जातात, विकल्या जातात. इथं नोकरी म्हणजे दगडावरची रेघ समजू नकोस.

---

आलापल्लीकर

टाकीवाली गोष्ट पटली. आमच्या वेळेस कोणी अशी समजावून सांगितली नाही, फक्त पांढरा कोट घालून यायचे, कुठल्या झाडाची फांदी तोडू विचारायचे आणि जायचे. त्या फांदीचं पुढं काय झालं हे कळवायला एक बी परत आला नाही. बाकी सागाचं बी गोठवता येते का हो? सागाला तर बी उगवायचाच त्रास. फळ टणक, पेरलं तर निम्म्याच्या वर उगवत नाही, म्हणून तर आम्ही जडी करायचो.

---

पाइनवाला पुणेकर

काका सागात पाइनइतकं सोमॅटिक एम्ब्रियोचं काम बसलेलं नाही, तिथं अजून कोंबांच्या मल्टिप्लिकेशनवरच भर आहे. मलेशियात साबाहमध्ये फ्रेंचांच्या मदतीनं नव्वदच्या दशकात त्या पद्धतीनं सागाचे क्लोन मोठ्या प्रमाणात केले आणि बाहेरच्या देशांतही गेले. म्हणजे सागात होऊ शकत नाही असं नाही. आपल्याकडं कुणी चिकटून बसलं नाही.

---

मांजराकाठ

बापरे एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. एनसीएलचं माहीतच नव्हतं, आमच्या सिलॅबसमध्ये टिश्यू कल्चरचा इतिहास म्हणजे हॅबरलॅण्ड, व्हाइट आणि मुराशिगे-स्कूग एवढाच, आणि दिल्लीचं ते धोतऱ्याच्या परागकोशाचं काम, गुहा आणि महेश्वरी १९६४, ते दोन मार्काला येतं.

पुढचा प्रश्न. क्लोनिंग ठीक, पण जीन टाकून किंवा क्रिस्परनं (जीनमध्ये हवा तिथं बदल करायचं तंत्र) झाडं बदलायचं काय? वर्गातले अर्धे क्रिस्परच्या मागं आहेत. झाडात ते कोण करतं आणि भारतात त्याला परवानगी मिळते का?

---

कल्चररूममधली मुंगी

याचं मी थोडं सांगू शकते, पोस्टडॉक आहे, पॉप्लर या थंड प्रदेशातल्या झाडावर काम करते, आणि रविवार आहे.

झाडांमध्ये क्रिस्पर म्हटलं की जास्त करून पॉप्लर, कारण त्याचा जीनोम २००६ मध्येच आला, अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेतलं लाडकं तण) आणि भातानंतर तिसरा, आणि ७१७ नावाचा एक फ्रेंच क्लोन आहे जो अ‍ॅग्रोबॅक्टेरियमला (झाडात जीन पोचवणारा बॅक्टेरिया) नीट घेतो आणि बाटलीत पटापट फुटतो. निम्मे पेपर त्या एका क्लोनवर असतील. याचा अर्थ असा पण होतो की आपल्याला "झाडाबद्दल" जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या एका बिचाऱ्या क्लोनबद्दल माहीत आहे. फुलं लवकर आणायचं काम पण तिथंच झालं, १९९५ मध्ये वायगल आणि निल्सन यांनी लीफी जीन अ‍ॅस्पेनमध्ये (पॉप्लरचाच भाऊबंद) टाकला आणि ज्या झाडाला फुलायला आठ-दहा वर्षं लागतात ते काही महिन्यांत फुललं. स्वीडनमध्ये उमेओला हे काम जोरात आहे, भालेराव आडनावाचे एक प्राध्यापक पण आहेत तिथं, झाडं थंडीत कळ्या कशा मिटतात यावर त्यांचा ग्रुप.

पण तुला करिअरचं विचारायचं होतं, तर एक खरी कहाणी वाच. अमेरिकन चेस्टनट. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात बुरशी सापडली आणि पुढच्या चार-पाच दशकांत तीन-चार अब्ज झाडं गेली. सिराक्यूजच्या फॉरेस्ट्री कॉलेजात चार्ल्स मेनार्ड आणि विल्यम पॉवेल या दोघांनी १९९० च्या सुमाराला यावर काम सुरू केलं, आणि पुढं ठरलं की यात गव्हाचा एक जीन टाकायचा, जो बुरशीचं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड मोडून टाकतो. आधी चेस्टनटचं टिश्यू कल्चर बसवायलाच वर्षानुवर्षं गेली, ते मेनार्डचं काम. मग जीन, मग चाचण्या, मग २०२० मध्ये सरकारकडं अर्ज, झाडाचं नाव डार्लिंग ५८. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॉवेल वारले आणि पुढच्याच महिन्यात चेस्टनट फाउंडेशननं पाठिंबा काढला, कारण कळलं की चाचणीतली झाडं डार्लिंग ५८ नव्हतीच, ५४ होती. कुठंतरी अदलाबदल झाली होती. ५४ मध्ये जीन झाडाच्या एका स्वतःच्या जीनच्या मधोमध जाऊन बसलाय. कॉलेज अजून ते झाड पुढं नेतंय, फाउंडेशन बाहेर पडलं. तीस वर्षांचं काम, आणि त्यात दोन लाइन वेगळ्या आहेत हे इतक्या उशिरा कळलं. मी हे वाचून दुसऱ्या दिवशी आमच्या फ्रीजरमधल्या सगळ्या ट्यूबांचा पीसीआर करायला बसले, सुदैवानं ट्यूबवर लिहिलेलं तेच आत निघालं.

दुसरी गोष्ट तेलाच्या पामची, ती जीन टाकल्याशिवायची आहे म्हणून सांगते. टिश्यू कल्चरनं पाम केले, दिसायला झकास, लावले, आणि काही वर्षांनी फळ धरलं तेव्हा कळलं की काही झाडांची फळं विकृत, तेलच नाही. ऐंशीच्या दशकापासनं ही डोकेदुखी. २०१५ मध्ये नेचरमध्ये कारण आलं, डीएनएचा क्रम बदललेलाच नव्हता, एका ट्रान्सपोझॉनवरचं (डीएनएमधला उडी मारणारा तुकडा) मिथाइलेशन, म्हणजे त्याला गप्प ठेवणारी रासायनिक खूण, बाटलीत निघून गेलेलं. त्याला नाव पण काय दिलं, बॅड कर्मा! केळीत असं रोप निघालं तर वर्षात कळतं. झाडात कळेपर्यंत हजारो एकर लावून झालेले असतात.

भारतात म्हणशील तर बीटी कापूस २००२ पासनं आहे, जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यावर २०१० मध्ये स्थगिती आली ती आजपर्यंत, जीएम (बाहेरचा जीन टाकलेल्या) मोहरीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात. झाडांत रबर. कोट्टायमच्या रबर संशोधन संस्थेचं जीएम रबर जून २०२१ मध्ये गुवाहाटीजवळ चाचणीला लावलं, थंडी सोसणारं, आणि त्यातला जीन रबराच्याच झाडातला आहे. जीन एडिटिंगचा रस्ता मात्र मोकळा झालाय, मार्च २०२२ मध्ये ज्यात बाहेरचा डीएनए राहत नाही अशा प्रकारांना कडक नियमांतनं सूट मिळाली आणि मे २०२५ मध्ये भाताच्या दोन एडिट केलेल्या जाती जाहीर झाल्या. त्यामुळे येत्या काही वर्षांत पिकात एडिटिंगचे हात लागतील हे नक्की. झाडात? ज्या झाडाचं पान कापून परत रोप करता येत नाही त्यात एडिटिंग करून काय उपयोग. परत फिरून तेच, बाटली. तुझ्या वर्गातले क्रिस्परच्या मागं आहेत ना, त्यांना विचार रीजनरेशन कोण करणार. तो माणूस दुर्मिळ आहे, तो हो.

---

जीनाइनताई

मुंगी 👏 हे वाक्य मी आमच्या लॅबमध्ये चिकटवणार आहे. आम्ही पण म्हणूनच केळीत ठरावीक सबकल्चरनंतर लाइन फेकून देतो, कितीही चांगली चालली असली तरी. नवीन मुलं हळहळतात. आणि व्हायरस टेस्टिंग. हरण्या रोगानं बाग उपटायला लागली की शेतकरी आधी रोपवाल्याला शिव्या देतो, मावा कुठनं आला ते नंतर. २००६ पासनं डीबीटीची (केंद्राचा बायोटेक विभाग) टिश्यू कल्चर रोपांची सर्टिफिकेशन सिस्टिम आहे, जॉबला जाशील तिथं आधी हे विचार की सर्टिफाइड आहे का.

---

मांजराकाठ

मग ठोस काय करू? एमएस्सी कुठं, आणि बाबांना काय सांगू? (दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे)

---

पाइनवाला पुणेकर

बाबांना सांग एमएस्सीनंतर पण एमपीएससी देता येते, वय निघून जात नाही. आणि वनसेवेची परीक्षा पण एमपीएससीच घेते, झाडंच हवी असतील तर तो पण एक दरवाजा आहे, काका सांगतील.

एमएस्सी प्लँट बायोटेक किंवा मॉलिक्युलर बायोलॉजी कर, नावात "फॉरेस्ट" असलंच पाहिजे असं नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली कुठंही, किंवा आयसीएआरच्या परीक्षेतनं बाहेर, डीबीटीच्या सीट्ससाठी गॅट-बी. दापोलीला फॉरेस्ट्री कॉलेज आहे, तिथं कोकणातल्या माणगा बांबूवाल्यांशी ओळख होईल, २०१७ मध्ये कायद्यातनं बांबू "झाड" म्हणून वगळला गेल्यापासनं तोडायला-न्यायला सोपं झालंय आणि रोपांना मागणी आहे. झाडांत आज महाराष्ट्रात पैशाचं काही असेल तर ते बांबू, साग नाही. पीएचडीला कोइंबतूरचं फॉरेस्ट जेनेटिक्स अँड ट्री ब्रीडिंगचं इन्स्टिट्यूट बघ, त्यांचे सुरूचे आणि निलगिरीचे क्लोन शेतकऱ्यांच्या शेतात आहेत, नुसते पेपरात नाहीत. बंगळूरचं वूड सायन्सचं, जबलपूरचं उष्णकटिबंधीय वनसंशोधनचं. नेट-जेआरएफ काढून ठेव, २०२३ पासनं महिना ३७,००० मिळतात, घरी बोलताना हा आकडा कामाला येतो 😄

---

आलापल्लीकर

एसीएफ (सहायक वनसंरक्षक), आरएफओ (वनक्षेत्रपाल) दोन्ही एमपीएससीतून. पण खात्यात गेला की लॅब विसर, तिकडं वणवे, अतिक्रमण, वाघ आणि फाइली. दोन्ही हातांनी धरू नको. संशोधनात गेला तर मात्र ज्या झाडाची फांदी तोडशील त्याचा नंबर लिहून ठेव आणि तिथल्या गार्डला वर्षातून एकदा तरी फोन कर, तोच सांगल तुला कोणतं झाड दोन वर्ष झालं फुललंच नाही आन् कोणत्या झाडाखाली कधी जाळी पडत नाही. हे कोणत्या पेपरात येत नाही.

---

कल्चररूममधली मुंगी

काकांना +१. आमच्याकडं जगातल्या क्लोनांची यादी आहे, पण कुठला क्लोन कुठल्या झाडावरनं आला याची जुनी वही मिळत नाही.

---

मांजराकाठ

चंदनाच्या लागवडीचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडं मराठवाड्यात लोक लावायलेत, टिश्यू कल्चरचं चंदन म्हणून रोपं पण विकायलेत.

---

जीनाइनताई

चंदन दुसऱ्याच्या मुळावर जगतं, शेजारी यजमान झाड लागतं, लहानपणी तूर चालते नंतर मोठं झाड. रोप टिश्यू कल्चरचं असो नाहीतर बियांचं, गाभा भरायला वर्षं तेवढीच लागणार आणि तेल किती ते कापल्यावरच. विकणाऱ्याला एवढंच विचार की मातृवृक्ष कुठला आणि त्याचा गाभा कुणी तपासला. उत्तर देताना तो रोपाच्या उंचीबद्दल बोलायला लागला तर निघून ये.

आणि हो, एमएस्सीच्या आधीच्या सुट्टीत रिकामा असलास तर कुठल्याही चालू लॅबमध्ये महिनाभर राहा, पगार मागू नको पण बाटल्या धुण्यापासनं शिक. तिथं गेल्यावर ग्रोथ रूम दाखवतील, ती सगळ्यांची छानच असते. तू हार्डनिंगचं रजिस्टर मागून घे आणि त्यात एप्रिल-मेचं पान उघड, बाटलीतनं किती रोपं बाहेर आली आणि शेडनेटमधनं किती गाडीत चढली ते बघ. ज्यांच्याकडं ते रजिस्टर आहे आणि दाखवायला लाजत नाहीत तिथं राहा. कोपऱ्यात सागाच्या बाटल्या ठेवायला परवानगी मी मिळवून देते, इकडं आलास तर मेसेज कर.